लॉग कोरा, मग ट्रेस गेला कुठे?

पत्र असं आहे:

“ताई, नमस्कार. मी एका पतसंस्थेत आयटी बघतो, म्हणजे एकटाच आहे, प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याकडेच. उबंटूच्या सर्व्हरवर एक बॅश स्क्रिप्ट रात्री २ वाजता क्रॉनमधून, म्हणजे वेळ लावून आपोआप, चालते. ती मायएसक्यूएलचा डम्प, म्हणजे डेटाबेसची प्रत, घेते, जीझिप करते, मग दुसऱ्या स्क्रिप्टला बोलावते, ती आरसिंकने फाइल दुसऱ्या शाखेतल्या मशीनवर पाठवते आणि शेवटी पायथनची एक छोटी फाइल रिपोर्ट बनवते. आठवड्यातून एक-दोनदा फाइल पोहोचतच नाही. का ते कळावं म्हणून सेट -एक्स टाकलं, म्हणजे चालणारी प्रत्येक कमांड छापली जाते, तोच ट्रेस, जास्त बडबडीसाठी -व्हीव्हीव्ही दिलं, पायथनमध्ये प्रिंट टाकले. हाताने चालवली की स्क्रीनभर ट्रेस येतो आणि काम पण होतं. क्रॉनमधून चालली की लॉग फाइलची वेळ बरोबर रात्री २ ची आणि साइझ शून्य. साहेब म्हणतात तू डिबग लावलंच नाहीयेस, उगाच सांगतोस. चार रात्री जागलोय. आता मलाच शंका यायला लागलीय की हे काम मला जमतं का. क्रॉनची ओळ अशी आहे: ० २ * * * /ऑप्ट/बॅकअप/रात्र.एसएच &> /व्हार/लॉग/बॅकअप.लॉग. मला तू म्हणालात तरी चालेल.
– कोऱ्या लॉगवाला, सातारा जिल्हा”

अरे, आज रात्री आधी झोप. खरंच सांगते, चार रात्री जागून माणूस समोरची ओळ पण नीट वाचू शकत नाही, आणि तुझं दुखणं त्या एका ओळीतच आहे. तू डिबग लावलंयस, बरोबर लावलंयस, आणि ट्रेस रोज रात्री तयार पण होतोय. फक्त तो तुझ्या फाइलीत येत नाहीये. आपण सगळे इथेच फसतो, ट्रेस दिसला नाही की वाटतं तो निघालाच नाही, मग अजून एक व्ही वाढवतो, अजून चार प्रिंट टाकतो, आणि ते सगळं पण त्याच वाटेने गायब होतं. म्हणून आता “का येत नाही” हा प्रश्न बाजूला ठेव आणि “गेला कुठे” ते शोध. (कमांड मी आपण बोलतो तशा देवनागरीत लिहितेय, टाइप करताना आकडे-अक्षरं इंग्रजीच.)

आता ती ओळ बघ. स्क्रिप्टचं नाव, मग &>, मग लॉग. ही &> ची खूण बॅशची आहे (बॅश म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा शेल), तिचा अर्थ साधं आउटपुट आणि एरर दोन्ही या फाइलीत टाक. तुझ्या टर्मिनलवर बॅश आहे, तिथे ती चालते. पण क्रॉन तुझी ओळ बॅशकडे देतच नाही, तो देतो /बिन/एसएच कडे, आणि उबंटूवर २००६ च्या ६.१० व्हर्जनपासून /बिन/एसएच म्हणजे डॅश, दुसरा एक शेल. डेबियनमध्येही पुढे तेच आलं. डॅश लहान आहे, फास्ट आहे, बूटच्या वेळच्या शेकडो छोट्या स्क्रिप्ट पटापट चालाव्यात म्हणून तो आणला, पण बॅशने स्वतःच्या पदरच्या घातलेल्या गोष्टी त्याला येत नाहीत. त्याला &> ही एक खूण वाटतच नाही. तो आधी & वाचतो, म्हणजे “ही स्क्रिप्ट बॅकग्राउंडला सोडून दे”, आणि मग उरलेला > लॉग हा तुकडा वेगळी कमांड म्हणून वाचतो, म्हणजे “ही फाइल उघड आणि रिकामी कर”, आणि त्यात लिहिणारं कुणी नाही म्हणून लगेच बंद. म्हणून रोज २ ची वेळ, म्हणून साइझ शून्य. आणि एरर कुठेच नाही, कारण डॅशच्या हिशेबाने दोन्ही कामं रीतसर झाली.

विश्वास ठेवू नकोस माझ्यावर, स्वतः करून बघ, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. टर्मिनलवर डॅश -सी लिही आणि पुढे कोट्समध्ये एलएस /काहीतरीच &> /टीएमपी/बघू.लॉग. “अशी फाइल नाही” ही एरर स्क्रीनवर येईल आणि बघू.लॉग शून्य बाइट. मग डॅशच्या जागी बॅश लिहून तेच चालव, स्क्रीन गप्प आणि एरर फाइलीत. तीच ओळ, दोन शेल, दोन अर्थ. रेड हॅटच्या घराण्यात /बिन/एसएच म्हणजे बॅशच असतो, त्यामुळे तिथून कॉपी करून आणलेली क्रॉनची ओळ तिथे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत असते आणि उबंटूवर आली की गप्प होते. तुझी ओळ कुठून आली मला माहीत नाही, पण असा प्रकार मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय.

बरं, मग ट्रेस गेला कुठे? क्रॉनमधल्या कामाने काहीही छापलं की क्रॉन ते गोळा करतो आणि त्या युजरला मेल करतो. पण मेल पाठवायला मशीनवर पोस्टफिक्ससारखं काहीतरी लागतं आणि बहुतेक उबंटू सर्व्हरवर ते टाकलेलंच नसतं. मग क्रॉन तो सगळा माल फेकून देतो. आणि फेकताना सिसलॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, एक ओळ टाकून जातो. तू आत्ता जा आणि /व्हार/लॉग/सिसलॉग मध्ये क्रॉन हा शब्द मोठ्या लिपीत ग्रेप कर, म्हणजे शोध. २ वाजताच्या नोंदीच्या जवळपास तुला दिसेल: इन्फो, नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट. (एमटीए म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्रॅम.) ही ओळ काय सांगते बघ, आउटपुट होतं, म्हणून तर टाकून दिलं! तू सेट -एक्स लावलंच नाहीस असं म्हणणाऱ्याला दाखवायला याहून चांगला कागद नाही. त्याचा स्क्रीनशॉट काढ आणि साहेबांना दाखव, आणि दाखवताना वाद नको घालूस, फक्त म्हण की ट्रेस निघतोय, पण मेलची सोय नाही म्हणून टाकला जातोय, मी वाट बदलतोय. “लावलंच नाहीस” हे ऐकून किती लागतं ते मला माहितीये, रात्र जागून केलेलं काम कुणी नाहीच म्हटलं की दुसऱ्या दिवशी कीबोर्डला हात लावावासा वाटत नाही. पण तुझ्या बाजूने पुरावा आहे, तो मशीननेच लिहून ठेवलाय.

दुरुस्ती सोपी. &> च्या जागी असं लिही: >> /व्हार/लॉग/बॅकअप.लॉग २>&१. दोन ग्रेटर-दॅन म्हणजे कालचं न पुसता पुढे जोडत जा, आणि तुझा प्रॉब्लेम आठवड्यातून एकदा-दोनदाच येतो म्हणजे कालचं-परवाचं राहिलंच पाहिजे. किंवा क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या ओळी असतात त्या फाइलीच्या, अगदी वर शेल=/बिन/बॅश अशी ओळ टाक, म्हणजे खालच्या सगळ्या ओळी बॅशकडे जातील. मी पहिलं सुचवीन, ते कुठल्याही शेलला कळतं. आणि एक, /व्हार/लॉग मध्ये नवी फाइल बनवायचा हक्क फक्त रूटला आणि सिसलॉगच्या ग्रुपला असतो, तुझं क्रॉन साध्या युजरचं असेल तर त्या युजरच्या नावाने फाइल आधी बनवून ठेव.

आता क्रम. २>&१ हे फाइलच्या नावानंतर यायला हवं, आधी नाही, आणि हे नुसतं पाठ करू नकोस, का ते समजून घे म्हणजे आयुष्यभर चुकणार नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला तीन दारं मिळतात: शून्य नंबरने माल आत येतो, एक नंबरने साधं आउटपुट बाहेर जातं, दोन नंबरने एरर आणि गडबडीची बोंब. शेल तुझी ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो. २>&१ म्हणजे “एक नंबर आत्ता जिथे जातोय तिथे दोन नंबर पाठव”. आत्ता, हा शब्द महत्त्वाचा. एक नंबर अजून स्क्रीनकडे जात असताना तू हे लिहिलंस, तर दोन नंबर स्क्रीनचा पत्ता घेऊन बसतो, मग पुढे तू एक नंबरला फाइलीत हलवलंस तरी दोनला त्याचा पत्ता नाही. शेजारी नवीन घरी राहायला गेले, पण तू पोस्टमनला त्यांचा जुनाच पत्ता देऊन ठेवलायस, तसं.

आणि सेट -एक्सचा ट्रेस दोन नंबरच्या दारातून जातो. एसएसएचचा (दुसऱ्या मशीनला जोडून देणारा तो) -व्ही, कर्लचा -व्ही, गिटचा ट्रेस, एसट्रेस, सगळ्यांचं डिबग दोन नंबरनेच जातं. म्हणूनच कुणी कर्ल -व्ही ला पाइप करून, म्हणजे एकाचं आउटपुट दुसऱ्याला जोडून, ग्रेपमध्ये हेडर शोधतं आणि ग्रेपला काही सापडत नाही, पाइपमधून फक्त एक नंबरचा माल जातो. त्याचं कारण पण छान आहे. दोन नंबरचं वेगळं दार युनिक्सला सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये मिळालं, तिथे छपाईच्या फोटोटाइपसेटरकडे आउटपुट पाठवलं की एरर पण मजकुरासोबत छापून यायची आणि महागडा कागद वाया जायचा, म्हणून ठरलं की बोंब वेगळ्या वाटेने येऊ दे. आपल्या सोयीसाठीच केलेली वाट आहे ती, फक्त ती दुसरीकडे जाते हे लक्षात ठेवावं लागतं.

क्रॉनटॅबमध्येच अजून एक खड्डा, उद्या तू लॉगच्या नावात तारीख टाकायला जाशील म्हणून आत्ताच सांगते. क्रॉनटॅबच्या ओळीत % ला वेगळा अर्थ आहे, तिथे तो नवी ओळ मानला जातो, त्यामुळे डेट +%एफ लिहिलंस की तिथेच ओळ तुटते. % च्या आधी बॅकस्लॅश दे, नाहीतर तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत कर.

एवढ्याने मुख्य स्क्रिप्टचा ट्रेस यायला लागेल. पण तू थांबशील आणि बघशील की ट्रेसमध्ये दुसऱ्या स्क्रिप्टच्या नावाची एक ओळ आहे आणि तिच्या आतलं काहीच नाही. घाबरू नकोस, सेट -एक्स मुलांना वारशाने जात नाही. तू दुसरी स्क्रिप्ट चालवलीस की नवा शेल उभा राहतो आणि त्याला तुझं सेट -एक्स माहीत नसतं. त्या स्क्रिप्टमध्ये वेगळं टाकावं लागेल, किंवा तिला बोलावतानाच बॅश -एक्स लावून बोलाव. आणि तिच्या पहिल्या, कुठल्या शेलने चालवायचं ते सांगणाऱ्या शेबँगच्या ओळीत कुणी -एक्स लिहून ठेवलं असेल तर त्यावर विसंबू नकोस. स्क्रिप्ट नुसती नावाने चालवली तर ती ओळ वाचली जाते, पण एसएच पाठव.एसएच असं बोलावलं की शेबँग ही फक्त कॉमेंट, -एक्स पण गेलं आणि बॅश पण गेला, परत डॅश.

आणि आता ते -व्हीव्हीव्ही. कुठे दिलंयस तू, आरसिंकला की एसएसएचला? पत्रात कळत नाही आणि फरक मोठा आहे. आरसिंक -व्हीव्हीव्ही म्हणजे आरसिंक स्वतः बडबड करेल, कुठली फाइल बघितली, कुठली सोडली. पण फाइल पोहोचत नाही म्हणजे बऱ्याचदा भानगड खाली एसएसएचच्या जोडणीत असते, चावी, होस्ट, टाइमआउट, आणि एसएसएच गप्पच राहील, कारण तुझे व्ही त्याच्यापर्यंत गेलेच नाहीत. आरसिंकच्या छोट्या -ई नंतर कोट्समध्ये एसएसएच -व्हीव्हीव्ही असं लिही. तीनच व्ही, चौथ्याने काही वाढत नाही. आणि एसएसएचला मोठ्या ई चा एक ऑप्शन आहे, त्याच्यापुढे फाइलचं नाव दिलं की त्याचा सगळा डिबग थेट त्या फाइलीत जातो, बाहेर कुणी काहीही वळवलेलं असो. मी क्रॉनमधल्या एसएसएचला नेहमी हेच लावते.

बाहेर कुणी वळवलेलं असो म्हटलं, ते उगाच नाही. काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी (नाव नको) असाच गप्प बसलेला जॉब बघायला बसले होते. फाइल बरोबर, क्रॉनची ओळ बरोबर, शेल बरोबर, तरी एसएसएचचा एक शब्द लॉगमध्ये नाही. तासभर स्क्रिप्ट वाचत बसण्याऐवजी मी चालू प्रोसेसलाच विचारलं. पीग्रेपने तिचा नंबर काढला आणि एलएस -एल /प्रॉक/तो नंबर/एफडी केलं. तिथे प्रत्येक दार एका बाणाने दाखवलेलं असतं, कुठे जातंय ते. शून्य नंबर /डेव्ह/नल कडे (टाकाल ते गिळणारा खड्डा), ठीक आहे. एक नंबर लॉग फाइलीकडे, छान. दोन नंबर /डेव्ह/नल कडे. झालं. मुख्य स्क्रिप्ट आणि एसएसएच यांच्यामध्ये एक जुनी छोटी स्क्रिप्ट होती, तिच्यात कुणीतरी कधीकाळी २>/डेव्ह/नल लावून ठेवलं होतं, बहुतेक रोज सकाळी क्रॉनचे मेल येऊन वैताग आला असेल म्हणून. त्या माणसाला मी दोष देत नाही, मेल थांबवायचा तो सोपा उपाय सगळेच करतात. पण त्या दिवसापासून मी कुठलीही गप्प स्क्रिप्ट हातात आली की पहिल्यांदा तिच्यात आणि तिने बोलावलेल्या सगळ्यांत डेव्ह/नल ग्रेप करते. तू पण कर. सोबत गप्प बसवणारे -क्यू आणि --सायलेंट पण शोध, आणि एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये लॉगलेव्हल क्वाएट लिहिलंय का ते बघ.

प्रोसेस चालू असतानाच हे बघायचंय, त्यामुळे रात्री २ ला बसू नकोस, कसं ते शेवटी सांगते. आणि एफडीवरूनही कळलं नाही तर एसट्रेस. सुडो एसट्रेस -एफ -पी आणि नंबर, -ई राइट आणि -एस २००, म्हणजे ती प्रोसेस आणि तिची पोरं कुठल्या दारातून काय लिहितायत ते अक्षरशः डोळ्यांसमोर येतं. -एफ विसरलास तर फक्त आईचं दिसेल, पोरांचं नाही. उबंटूवर दुसऱ्याची चालू प्रोसेस अशी बघायला सुडो लागतंच, साध्या युजरला ती परवानगी बंद ठेवलेली असते. राइट, कंसात दोन, आणि पुढे डिबग१ ने सुरू होणारं वाक्य दिसलं, की तुझा ट्रेस निघाला, फक्त दारापाशी कुणी पळवला.

पायथनचं दुखणं मात्र वेगळं आहे आणि मला तेच जास्त धोक्याचं वाटतं, कारण तिथे ट्रेस कुठेच जात नाही, आतच मरतो. पायथनचा प्रिंट एक नंबरच्या दारातून जातो. समोर स्क्रीन असेल तर प्रत्येक ओळ लगेच बाहेर. पण समोर फाइल किंवा पाइप असेल तर तो ओळी साठवत बसतो, साधारण ८ केबी भरले की एकदम टाकतो. सी मधल्या प्रोग्रॅमचंही असंच, प्रत्येक ओळीला लिहायला गेलं तर वेळ जातो म्हणून. प्रोग्रॅम नीट संपला तर शेवटी उरलेलं पण लिहिलं जातं, म्हणून एरवी कळतही नाही. पण तो मधेच मारला गेला तर? साठवलेलं त्याच्यासोबत गेलं. तुझ्या स्क्रिप्टमध्ये टाइमआउट ही कमांड आहे का बघ, बऱ्याच जणांनी रात्रीचं काम लटकू नये म्हणून लावलेली असते. टाइमआउट वेळ संपली की टर्म सिग्नल पाठवतो आणि पायथन त्या सिग्नलवर काही न लिहिता मरतो. म्हणजे सगळं सुरळीत झालं त्या दिवशी तुझे प्रिंट लॉगमध्ये दिसतात, आणि लटकलं त्या दिवशी, ज्या दिवशी ते हवे होते, त्याच दिवशी नाहीत. कोड चुकीच्या ठिकाणी अडकलाय असं वाटून माणूस भलत्याच ओळीत शोधत बसतो, खरं तर तो प्रिंट केव्हाच ओलांडून पुढे गेलेला असतो.

घरी करून बघ, दोन ओळींची पायथन फाइल, एक प्रिंट आणि एक मिनिटाची स्लीप, आणि चालवताना पुढे पाइप लावून कॅट. मिनिटभर कोरी स्क्रीन. मग पायथन३ -यू ने चालव, लगेच दिसेल. तुझ्या क्रॉनसाठी पण तेच, -यू लाव, किंवा पायथन-अनबफर्ड नावाचा व्हेरिएबल १ करून एक्सपोर्ट कर. दोन नंबरच्या दाराला ही साठवणूक नसल्यासारखीच आहे, म्हणून डिबगचे प्रिंट एसटीडीईआरआर कडे लिहिलेस तर अजून बरं. लोक एसटीडीबफ सुचवतील, ती कमांड सी च्या लायब्ररीवरून चालणाऱ्या प्रोग्रॅमना उपयोगी आहे, पायथन स्वतःची साठवणूक स्वतः करतो, त्याला ती लागू पडत नाही. ग्रेपला स्वतःचा --लाइन-बफर्ड आहे, टेल -एफ ला ग्रेप आणि पुढे अजून एक पाइप लावलास की तो लागतोच.

पुढे प्रिंट काढून लॉगिंग मॉड्यूल वापरशील, वापरच, तेव्हा एवढं लक्षात ठेव की त्याची मूळ लेव्हल वॉर्निंग असते, डिबग आणि इन्फो गपचूप गाळले जातात. आणि बेसिककॉन्फिग एकदा कुणी केलं असेल, तुझ्या आधी एखाद्या लायब्ररीनेही, तर तुझं दुसऱ्यांदा केलेलं काहीच करत नाही, तक्रार पण नाही. ३.८ पासून त्याला फोर्स=ट्रू देता येतं.

व्हेरिएबलवरून आठवलं, गिट ट्रेस दिसत नाही म्हणूनही अधूनमधून पत्रं येतात, त्यांचं उत्तर दोन वाक्यांत इथेच देते. एका ओळीत गिट_ट्रेस=१ लिहून पुढच्या ओळीत गिट पुल केलं तर गिटला ते दिसत नाही, एक्सपोर्ट करा किंवा दोन्ही एकाच ओळीत लिहा, आणि मधे सुडो असेल तर सुडो पर्यावरण झाडून साफ करतो, व्हेरिएबल सुडोच्या नंतर लिहावा लागतो. फाइलीत हवं असेल तर किमतीच्या जागी / पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या, अर्धा पत्ता गिट घेत नाही.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे, फाइल का पोहोचत नाही. इथून मला ते सांगता येणार नाही, ट्रेस सांगेल. पण एक गोष्ट मी आजच बदलीन. तुझा डम्प पाइपमधून जीझिपकडे जातो ना? पाइपचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. डम्प अर्ध्यात मेला तरी जीझिप मिळेल तेवढं गुंडाळतो आणि सगळं ठीक म्हणून सांगतो, मग ती अर्धी फाइल पुढे जाते पण. स्क्रिप्टच्या वर सेट -ओ पाइपफेल टाक आणि डम्पनंतर निकाल तपास. न पोहोचलेली फाइल निदान लक्षात येते रे, पोहोचलेली अर्धी फाइल ज्या दिवशी रिस्टोर करायची वेळ येते त्या दिवशी कळते. लोकांच्या ठेवी-कर्जाच्या नोंदी आहेत त्या. हे निस्तरेपर्यंत रोज सकाळी पलीकडच्या मशीनवर जाऊन फाइलची साइझ बघ, जीझिप -टी ने तपास, आणि डम्पच्या शेवटी “डम्प कम्प्लीटेड” ही ओळ आहे का ते झेडकॅट आणि टेलने बघ.

आणि ट्रेस यायला लागला की लगेच एक काळजी घे. सेट -एक्स कमांड जशी चालते तशी छापतो, डेटाबेसचा पासवर्ड कमांडमध्ये असेल तर तोही लॉगमध्ये. पासवर्ड मायएसक्यूएलच्या .माय.सीएनएफ फाइलीत हलव, तिला आणि लॉगलाही परवानगी ६००. आणि तेवढ्या दोन-चार ओळींभोवती ट्रेस बंद करायचा असेल तर आधी सेट +एक्स, नंतर परत सेट -एक्स.

ट्रेसची फाइलच वेगळी हवी असेल, मला तरी तेच आवडतं, तर बॅश ४.१ पासून बॅश_एक्सट्रेसएफडी नावाचा व्हेरिएबल आहे. एक्झेक ५>> आणि ट्रेसच्या फाइलचा पत्ता, मग त्या व्हेरिएबलला ५, मग सेट -एक्स. ट्रेस पाच नंबरच्या दाराने त्याच्या फाइलीत, एरर दोन नंबरने लॉगमध्ये, कालवाकालव नाही. मॅकवर मात्र हे करून बघू नकोस, त्यावर येणारा बॅश अजून ३.२ आहे, त्याला हे कळत नाही आणि तो सांगतही नाही. शिवाय पीएस४ बदल. ट्रेसच्या ओळीआधीचं ते अधिकचं चिन्ह म्हणजे पीएस४. त्यात वेळ, बॅश_सोर्स आणि लाइननो घाल, सिंगल कोट्समध्येच घाल, डबल कोट्स दिलेस तर पहिल्याच वेळी किंमत भरली जाते आणि मग प्रत्येक ओळीला तोच नंबर, तीच वेळ. रात्री २ वाजून किती मिनिटांनी कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीवर गाडी थांबली, ते सकाळी चहा घेता घेता वाचता येईल.

हे तपासायला रात्र जागायची नाही. आज दुपारीच क्रॉनटॅबमध्ये आत्ताच्या वेळेपेक्षा पाच मिनिटं पुढची एक तात्पुरती ओळ टाक, त्याच स्क्रिप्टची एक कॉपी, फक्त ती डेटाबेसऐवजी एखादी छोटी फाइल पाठवेल आणि मधे दोन मिनिटं स्लीप असेल. त्या दोन मिनिटांत दुसऱ्या खिडकीतून एफडी बघ. हाताने चालवून तपासू नकोस, हाताने ती चालते हे तुला माहितीच आहे, क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) छोटा, शेल वेगळा, समोर स्क्रीन नाही, तपासायचं ते तिथेच. आणि क्रॉनच्या ओळीत कामाच्या आधी डेट >> /टीएमपी/पोचलो जोडून ठेव, म्हणजे निदान क्रॉन उठला की नाही यावर डोकं खपवायला नको.

मग रात्रीची ओळ दुरुस्त कर, ११ वाजता झोप, आणि पहिल्यांदा जेव्हा फाइल पोहोचणार नाही त्या रात्रीच्या ट्रेसच्या शेवटच्या वीस ओळी मला पाठव. आयपी आणि युजरची नावं खोडून पाठव.